ओठांतला कुंचला

हे लिखाण मी धारच्या दवाखान्यात डाव्या हाताने सुरू केले होते. ती चार पाने आता मलाच वाचता येत नाहीत, म्हणून देवासला घरी बसून उजव्या हाताने पुन्हा लिहितो आहे. अर्ध्या तासाने मनगट झुकू लागते आणि मला थांबावे लागते. मध्येच एखादा विषय तुटल्यासारखा वाटला, तर तो विचार करून तोडलेला नाही. हात थकला म्हणून तुटला आहे.

लिहिण्याचे कारण असे, की मला झालेला आजार रंगाचे काम करणाऱ्या कुणालाही होऊ शकतो आणि झाला तर त्याला तो पोटाचा विकार वाटेल, नाही तर कुणाची दृष्ट. मलाही तसेच वाटले होते. ज्याचे मनगट उचलत नाही त्याच्यासाठी हे आहे, आणि मनगट उचलत असूनही ज्याला काही सुचत नाही त्याच्यासाठीही. मी दोन्ही भोगले. दुसरे जास्त वाईट.

मोती

आमचे घराणे चिताऱ्यांचे. पणजोबा सरदारांच्या लवाजम्याबरोबर दक्षिणेतून माळव्यात आले. आजोबांनी भिंतींवर गणपती काढले, हत्ती काढले, दारांवर भालदार उभे केले. धंदा माझ्या हाती आला तोवर भिंतींचे दिवस सरले होते आणि फोटोचे आले होते. इंदूरचा एक फोटोवाला सरदार-मानकऱ्यांचे मोठाले फोटो काढी आणि ते काळे-पांढरे कागद रंग भरायला माझ्याकडे येत. चेहरा फोटोचा, पागोटे, शालजोडी, तलवारीची मूठ, पदके आणि मोती माझे. बारा वर्षे मी हेच केले.

चेहऱ्याकडे फारसे कुणी पाहत नसे. एका सरदारसाहेबांनी मला बोलावून सांगितले, "कंठा तीन पदरी करा."

"साहेब, फोटोत दोनच पदर दिसतात."

"फोटोच्या दिवशी आम्ही घाईत होतो."

मी तिसरा पदर घातला. दुसऱ्या एका मानकऱ्यांनी न मिळालेले पदक रंगवून घेतले. ते येणारच होते, अशी त्यांची खात्री होती. आले की नाही ते मला ठाऊक नाही. चित्रात मात्र ते अजून चमकत असेल, कारण रंग पक्का होता.

मोती काढण्याची आमची रीत अशी. सफेद्याची पूड डिंकाच्या पाण्यात घोटायची, खारीच्या केसांचा अगदी बारीक कुंचला घ्यायचा आणि एकेक थेंब असा ठेवायचा की तो वाळल्यावर कागदावर किंचित उठून दिसेल. दोन मोती झाले की कुंचल्याचे टोक फाकते. मग तो ओठांत धरायचा, जिभेने हलकेच फिरवायचा, की टोक पुन्हा सुईसारखे. आजोबा असेच करत आणि ऐंशी वर्षे जगले.

आजोबांचा पांढरा रंग शंखाचा होता. आमच्याकडे विलायती डब्यातला सफेदा आला. तो जास्त शुभ्र, एकाच थरात कागद झाकणारा, घोटायला सोपा. रंग बदलला आणि सवय तीच राहिली. माझ्या आजाराची सगळी गोष्ट एवढीच आहे.

पोट आणि मग हात

आधी तोंडाची चव गेली. मग पोटात कळा येऊ लागल्या, अशा की मी जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन पडून राही. वैद्यांनी एरंडेल दिले, मग हिंग, मग पथ्य. शेजारच्या काकूंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. माझी बायको यमुना अनवाणी टेकडी चढून देवीला नवस बोलून आली. प्रत्येक उपायानंतर चार दिवस बरे वाटे, कारण ते चार दिवस मी काम करत नसे. हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आले नाही.

बरे वाटले की मी पुन्हा बसे. दसऱ्याच्या दरबारासाठी एका सरदारांचे चित्र पुरे करायचे होते आणि त्यांच्या अंगावर मोत्यांना तोटा नव्हता.

एका सकाळी तोंड धुताना तांब्या हातातून निसटला. मी वाकून तो उचलायला गेलो, तर हात पोहोचला पण पंजा वर होईना. ओला पंचा खुंटीवर टाकावा तसा तो मनगटापासून खाली लोंबत होता. दुखत काही नव्हते. दुखले असते तर बरे वाटले असते.

यमुना आवाज ऐकून आली. "काय पाडलंत?"

"हात," मी म्हणालो.

तिला वाटले मी नेहमीसारखा काहीतरी वाकडे बोलतो आहे. मग तिने पाहिले, माझा पंजा आपल्या तळहातावर उचलला आणि सोडला. तो पडला. तिने पुन्हा उचलला. असे ती किती वेळ करत होती कोण जाणे, शेवटी मीच म्हणालो, "अगं, पुरे. तो काही घाबरून उठणार नाही."

तिचा भाऊ धारला नोकरीत आहे. त्याच्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडे जायचे ठरले. आधी टांगा, मग महूपर्यंत आगगाडी आणि पुढे बैलांची दमणी. सगळा रस्ताभर माझा पंजा तिच्या मांडीवर होता, एखाद्या दुसऱ्याच्या मुलासारखा.

शिसे

दवाखान्याचे आणि डॉक्टरांचे नाव लिहीत नाही. डॉक्टरांनी हात पाहिला नाही. आधी म्हणाले, "तोंड उघडा." माझ्या हिरड्यांकडे त्यांनी खिडकीच्या उजेडात बराच वेळ पाहिले.

"धंदा काय?"

"चितारी. बारा वर्षं फोटो रंगवतो."

त्यांनी टेबलावरची पेन्सिल माझ्या डाव्या हातात दिली. "हा कुंचला समजा. टोक फाकलंय. आता काय कराल?"

मी ती ओठांत धरली. धरली तेव्हाच मला कळले.

"बारा वर्षं तुम्ही शिसं खाताय," डॉक्टर म्हणाले. "हिरड्यांच्या कडेला निळी रेघ आहे. सफेदा म्हणजे शिसंच. रोज थोडं थोडं. पोटात गेलं, रक्तात गेलं, आता हाताच्या शिरांत उतरलंय."

"हात येईल का?"

"बहुतेक येईल. वेळ लागेल. पण पुन्हा कुंचला तोंडात घातलात तर दुसऱ्या वेळी कदाचित येणार नाही." मग त्यांनी विचारले, "घरात असं आणखी कुणाला झालं होतं?"

दाराशी उभी असलेली यमुना म्हणाली, "थोरल्या दादांना."

माझा थोरला भाऊ माझ्याच शेजारी बसून मोती काढी. चार वर्षांपूर्वी तो पोटाच्या कळांनी गेला. घरात सगळ्यांनी बाजारच्या तुपाला दोष दिला. तुपाशी माझे भांडण चार वर्षे चालले होते. त्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलासमोर ते मिटले आणि त्याच्या जागी काय आले ते मी लिहू शकत नाही. विलायती सफेद्याचा पहिला डबा इंदूरहून मी आणला होता. दादा म्हणाला होता, "शंखाचाच बरा, हा फार पांढरा आहे." मी त्याला जुनाट म्हटले होते.

दवाखान्याचा दिवस

माझी खाट लांबट खोलीच्या टोकाला होती. सकाळी जुलाबाचे मीठ, त्यानंतर दूध, त्यानंतर पुन्हा मीठ. मनगटाखाली लाकडाची फळी बांधली, म्हणजे पंजा निदान सरळ दिसे. दुपारी कंपाउंडर विजेची पेटी आणी, ओल्या कापडाच्या तारा हाताला लावी आणि मूठ फिरवी. माझी बोटे उडत. ती उडत होती, मी उडवत नव्हतो. खोलीतले सगळे रोगी हा खेळ पाहायला जमत.

शिवाय यमुनेला एक काम सांगितले होते. सकाळ-संध्याकाळ माझा पंजा धरून मनगट शंभर वेळा वर-खाली करायचे. ती मोजताना ओठ हलवी, बोलत नसे. मला घास भरवतानाही बोलत नसे. एकदा भाताचा घास अर्ध्या वाटेवर थांबवून म्हणाली, "मोत्यांपायी घर रिकामं केलंत."

"मला ठाऊक होतं का?"

"थोरले दादा म्हणाले होते ना, फार पांढरा आहे म्हणून?"

घास तिने माझ्या तोंडात घातला.

शेजारच्या खाटेवर सोनकच्छचे एक निवृत्त मास्तर होते. पायाला जुनी जखम, भरत नव्हती आणि तिला वास येई. घरची मराठी, पण आयुष्य माळव्याच्या शाळेत गेलेले, त्यामुळे बोलणे दोन्हीकडचे, भाऊ म्हणायच्या जागी भिया. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारले, "कां भिया, तुमचा हात सुटीवर गेला का?"

"हो. अर्ज न देता."

"मग पगार कापा," असे म्हणून त्यांनी कूस बदलली.

ते मधूनमधून पुटपुटत. मला वाटे जप करत असावेत.

मागची पडवी

एक दिवस कळले की कोणी बडे साहेब दवाखाना पाहायला येणार. आदल्या दिवशी भिंतींना चुना लागला, खाटांवर नव्या चादरी आल्या आणि आम्हाला सांगण्यात आले की साहेब आत येताच सर्वांनी सरळ झोपावे आणि बरे दिसावे. मास्तरांच्या पायाचा वास चुन्याने झाकेना, म्हणून त्यांना खाटेसकट मागच्या पडवीत हलवले. माझा लोंबता पंजाही चांगला दिसत नव्हता. मलाही हलवले.

पुढे बँड वाजत होता. मागच्या पडवीतून मोकळे रान आणि जोंधळ्याचे एक शेत दिसे. आम्ही दोघे तिकडे बघत पडलो होतो.

"दरबारात आपली जागा ही," मास्तर म्हणाले. "आयुष्यभर शोधत होतो, आज सापडली."

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो होतो, म्हणून पोटात दुखले.

मग ते पुटपुटू लागले आणि या वेळी मला शब्द ऐकू आले. जप नव्हता. मी विचारले, कुणाची कविता? म्हणाले, "छापलेली नाही, म्हणून माझीच. ऐका."

जोंधळ्याच्या शेती उभे बुजगावणे,
अंगावर कपडे माझेच जुने;
पाखरे बसती त्याच्या खांद्यावर,
वर्गातही कुणा नव्हता माझा डर.

मी पुष्कळ वाचलेला माणूस आहे. पंडितांची काव्ये वाचली आहेत, दरबारातल्या वाढदिवसांच्या आर्या ऐकल्या आहेत. त्यांत राजाला सूर्य म्हटल्याशिवाय दुसरी ओळ येत नाही. या चार ओळींत कुणी सूर्य नव्हता. तरी मला ते शेत दिसले. समोरचे नव्हे. समोरच्या शेतात बुजगावणे नव्हतेच. मला दिसले ते वेगळे होते आणि त्याचा सदरा एका बाजूला उसवलेला होता. मास्तरांनी उसवल्याचे सांगितले नव्हते.

मी त्यांना हे बोललो. ते गंभीर झाले. "सदरा उसवलेला होता खरा," म्हणाले. "पण तो मी कवितेत घातला नाही. तुम्ही कुठून आणलात?"

पुढे बँड थांबला. साहेब सात-आठ मिनिटे होते असे नंतर कळले. दुसऱ्या दिवशी नव्या चादरी गेल्या आणि आम्ही पुन्हा आत आलो.

पुढच्या तीन आठवड्यांत मास्तरांनी मला आपल्या बऱ्याच कविता ऐकवल्या. यमुना मनगट वर-खाली करत असे आणि मास्तर म्हणत असत. तिला त्यात गोडी वाटते की नाही ते कळत नसे. ती आकडे मोजत असे.

मग त्यांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी मला हाक मारली. चेहरा चुन्यासारखा झाला होता. म्हणाले, "भिया, आता मी अर्धं बुजगावणं झालो." मी हसण्याचा प्रयत्न केला. जमला नाही. त्यांचा पुतण्या बैलगाडी घेऊन आला आणि ते सोनकच्छला गेले. जाताना त्यांनी मला बुजगावण्याचे दुसरे कडवे कागदावर लिहून दिले.

कोरा कागद

चौथ्या महिन्यात माझी बोटे उचलू लागली. पाचव्यात पंजा जमिनीला समांतर राहू लागला. आम्ही देवासला परतलो. लोक भेटायला आले, पेढे वाटले गेले. यमुनेने सफेद्याचे डबे आधीच गावाबाहेर नेऊन खड्ड्यात पुरले होते. मुंबईहून जस्ताचा सफेदा मागवला. तो विषारी नाही, असे डॉक्टर म्हणाले होते.

माझी समजूत होती की हात आला म्हणजे सगळे आले.

मी फोटो समोर घेऊन बसलो. एका मानकऱ्यांचा होता. कुंचला रंगात बुडवला, हात कागदाकडे न जाता तोंडाकडे गेला. ओठांपासून बोटभर अंतरावर मी तो थांबवला आणि छातीत धडधडू लागले. रंग जस्ताचा होता. तोंडात गेला असता तरी बिघडले नसते. पण छातीला ते समजावता येत नव्हते. पुन्हा बुडवला, पुन्हा तेच. त्या दिवशी एकही मोती झाला नाही. दुसऱ्या दिवशी नाही. आठ दिवस नाही.

फोटोवाल्याने काम दुसऱ्या माणसाकडे दिले. त्यात त्याची चूक नव्हती.

मग ठरवले की मोती नकोत, दुसरे काही काढू. कोरा कागद पुढे घेतला आणि मला समजले की बारा वर्षांत मी कोरा कागद पाहिलाच नव्हता. माझ्यापुढे नेहमी कुणाचा तरी चेहरा तयार असे. काय काढायचे हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. मी तासन् तास बसून राही. एखादी रेघ ओढी, ती आजोबांच्या हत्तीची सोंड निघे. खोडून टाकी.

यमुनेशी मी याच दिवसांत वाईट वागलो. हात लुळा होता तेव्हा माझ्याजवळ सबब होती. आता ती गेली. एकदा ती संध्याकाळी मनगटाचे शंभर करायला आली, मी हात हिसडून घेतला. "कशाला? या हाताचं आता काय लोणचं घालायचंय?"

ती म्हणाली, "घाला. निदान जेवताना उपयोगी पडेल." आणि दार ओढून आत गेली. ती रडत होती की नाही ते मी पाहिले नाही. पाहायला हवे होते.

आजारी माणसाला लोक विचारतात, ताप आहे का, झोप लागते का. तुला काही सुचते का, असे कुणी विचारत नाही. मला वाटे की माझा हात परत आला तो दादाच्या ऐवजी आला, आणि तो फुकट गेला.

मास्तरांचे कार्ड

शेवटी मी मास्तरांना पत्र लिहिले. सगळे लिहिले, कुंचला तोंडाकडे जातो तेही आणि कागद कोरा राहतो तेही. उत्तर कार्डावर आले, अक्षर कित्ता घालून दिल्यासारखे:

"चि. चितारी भिया यांस आशीर्वाद. पाय नाही, पण खाज येते. विलक्षण आहे. आपल्या दोन दुखण्यांवर एकच औषध सुचवतो. रंगवताना मोठ्याने कविता म्हणा. कविता म्हणणाऱ्याच्या तोंडात दुसरे काही जात नाही. कवी उपाशी राहतात ते यामुळेच. माझ्या कविता म्हणा, त्या वाईट असल्या तरी लांब आहेत."

मी कार्ड यमुनेला वाचून दाखवले. ती म्हणाली, "मग म्हणा की. मला आत ऐकू येईल असं म्हणा. गप्प झालात की समजेन."

असे आमचे काम सुरू झाले. मी ओसरीवर, ती स्वयंपाकघरात. मी बुजगावण्याची कविता म्हणत कुंचला बुडवी. पहिल्या दिवशी दर दुसऱ्या ओळीला आवाज थांबे आणि आतून ओरडा येई, "म्हणा!" शेजारच्या काकू कुंपणावरून विचारू लागल्या, "अगो, हे तुझ्या यजमानांना काय झालंय? दिवसभर शेतातलं काय ओरडतात?" यमुना म्हणाली, "औषध घेतायत."

पहिले काही दिवस मी नुसता म्हणत होतो आणि कागदावर पांढरे ठिपके देत होतो. हात तोंडाकडे जाणे कमी झाले. मग एकदा ठिपके देता देता "अंगावर कपडे माझेच जुने" ही ओळ आली आणि मी थबकलो. कपड्यांचा रंग कोणता? मास्तरांनी सांगितलेला नाही. पाखरे किती? कोणत्या खांद्यावर? ऊन कुठल्या बाजूचे? फोटोने बारा वर्षे मला सगळी उत्तरे आयती दिली होती. ही कविता मला नुसते प्रश्न विचारत होती आणि उत्तर दिल्याशिवाय पुढची ओळ म्हणता येत नव्हती.

मी उसवलेल्या सदऱ्यापासून सुरुवात केली. फिकट निळा, काखेत विरलेला. तो काढायला चार दिवस लागले. बांबू काढला. पाखरे बिघडली, ती फार नीटस झाली, एखाद्या सरदाराने पाळलेली असावीत तशी. ती पुसून पुन्हा काढली. तोंडाच्या जागी मडके होते. त्यावर डोळे काढायचे की नाहीत यावर एक सबंध दिवस गेला. नाही काढले.

कवितेने माझा आजार बरा झाला असे कुणाला वाटू नये. कवितेच्या आधी मीठ होते, दूध होते, विजेची पेटी होती आणि रोजचे दोनशे होते, ते मोजणारी होती. अजूनही थंडीत मनगट जड होते. पोटात कळ आली की मी हिरड्या आरशात पाहतो. दादा स्वप्नात येतो तो कामच करत असतो. हे काही कवितेने जात नाही. पण कागद कोरा असण्याची जी भीती होती, ती रोज सकाळी पहिल्या ओळीबरोबर थोडी मागे सरके, एवढे मी सांगू शकतो. तुम्हाला मास्तर भेटणार नाहीत. तुम्हाला पाठ असलेले जे काही असेल ते म्हणा. सूर्य आणि राजा टाळा.

आता शेवटचे. शेत काढायचे राहिले होते. दुसऱ्या कडव्यात कापणी झालेली आहे, म्हणून मी नुसती धसकटे काढत होतो आणि म्हणत होतो:

कापणी झाली, माणसे घरी गेली,
त्याला न्यायची आठवण ना झाली;
हात पसरून उभे ते अजून,

आणि पुढची ओळ गेली. शंभरदा म्हटलेली ओळ. मास्तरांचा कागद आत पेटीत होता. मी तोंड उघडे ठेवून बसलो. कुंचला बुडवलेला होता आणि कधी उचलला गेला ते कळले नाही. तो ओठांच्या वाटेवर होता.

मला वाटले आतून नेहमीचा ओरडा येईल. आला नाही. भांड्याचा आवाज थांबला. मग यमुनेचा आवाज आला, हलका, चालीवर:

खाली घे असे कुणी म्हणेना म्हणून.

मास्तरांची ओळ ही नव्हती. त्यांचे बुजगावणे कुणीतरी मिठीत येईल म्हणून उभे होते. तिने ही कुठून आणली? दोन महिने ती आत भाकऱ्या थापताना ऐकत होती, त्याआधी तीन आठवडे मनगट उचलताना ऐकत होती आणि मला वाटत होते ती आकडे मोजते आहे.

"चुकलं का काही?" तिने आतून विचारले.

"नाही," मी म्हणालो. "बरोबर आहे."

मी कुंचला पाण्यात टाकला आणि हात खाली घेतला. मांडीवर ठेवला. थोडा वेळ तसाच राहू दिला. मग उचलला. मनगटासकट तो उचलला गेला, आणि मी उरलेली धसकटे काढायला लागलो.